मोठ्या बोटीचं दार, छोट्या बोटीचा डेक

चिमे, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बोटीने जायचं ठरवलंत, म्हणजे जावईबापूंची रजा अखेर मंजूर झाली तर! तुझा निरोप वाचला. एका हाताला ‘क्वीन मेरी २’ची ग्रिल वर्गातली केबिन, साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क, दुसऱ्या हाताला शंभर-सव्वाशे माणसांची चिमुकली बोट, ग्रीसची बेटं. दोन्हीकडचे आकडे डोळे फिरवणारे, म्हणून तुझी झोप उडालेली. तुझ्या मामाने उभं आयुष्य बोटीवर वाढपात काढलं, मोठ्या बोटींवर आणि छोट्यांवरही. प्रवासी बोट बघतो खुर्चीत बसून. मी बघितली हातात ट्रे धरून. तिकडून जे दिसतं ते रंगीत माहितीपत्रकात छापत नाहीत. एका बैठकीत संपवायचा अट्टहास नको, चहा घेत घेत वाच.

१. पैसे भरण्याआधी एकमेकांना एवढंच विचारा, आपल्याला बोट पाहायची आहे की बंदरं – अटलांटिकवर सात रात्री पाण्याशिवाय काही दिसत नाही, आणि बेटांच्या सफरीत जवळजवळ रोज सकाळी नवा किनारा.

२. बोट पाहायची असेल तर मोठी घ्या आणि वरच्या वर्गाने जा. बंदरं पाहायची असतील तर छोटी घ्या. माझं मत इथेच सांगून टाकलं – पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल, पण तू वाचणार, मला माहीत आहे.

३. अटलांटिकसाठी छोट्या बोटीचा हट्ट धरू नकोस, ती कितीही नटलेली असो – ‘क्वीन मेरी २’ ३४५ मीटर लांब, दहा मीटर पाण्यात बुडालेली, आणि उत्तर अटलांटिकचा मार मनात धरूनच फ्रान्समध्ये सँ-नाझेरला बांधलेली. २००४ पासून ती हेच काम करते आहे. छोट्या बोटीही हा समुद्र ओलांडतात, पण त्या बहुधा हंगाम बदलला की युरोपातून कॅरिबियनला मुक्काम हलवायला. त्या फेरीचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून हुरळू नकोस.

४. उलट ग्रीससाठी मोठ्या बोटीतला राजेशाही स्वीट घेऊ नकोस – चार-पाच हजार माणसं सँटोरिनीला एका दिवशी उतरली की तुझा बटलर केबल कारची रांग आखूड करू शकत नाही. दुसरा रस्ता पायऱ्यांचा, त्या पाचशेच्या वर आहेत, आणि खेचरं वाट देत नाहीत.

आता मथळ्यातल्या त्या दाराबद्दल. मोठ्या बोटीवरचा महाग वर्ग म्हणजे मुळात एक दार असतं. ‘क्वीन मेरी २’वर केबिन जशी, तसं जेवणघर: साध्या केबिनवाल्यांना ब्रिटानिया, त्याच्या वर ब्रिटानिया क्लब, मग प्रिन्सेस ग्रिल आणि सगळ्यांत वर क्वीन्स ग्रिल. ग्रिलवाल्यांना स्वतंत्र लाउंज आणि स्वतंत्र गच्ची; बाकी नाटकघर, वाचनालय, तारांगण, फिरायचा डेक सगळ्यांचा मिळून एकच. एमएससी कंपनीने २००८ मध्ये ‘फँटाझिया’ बोटीवर ‘यॉट क्लब’ काढला, नॉर्वेजियन कंपनीचं ‘हेवन’ही त्याच वळणाचं: कार्ड लावलं की दार उघडतं, आत वेगळं जेवणघर, वेगळा पोहायचा तलाव, बाहेर हजारो माणसांची गर्दी. छोट्या बोटीवर हे दारच नसतं. तिथे सगळेच आत. मग तिथे गर्दी नसते हे खरं, पण पळून जायला जागाही नसते.

५. दाराच्या आत दिवसाचे किती तास बसाल ते प्रामाणिकपणे मोज – जावईबापू पहाटे डेकवर फिरायला निघणार (तीन फेऱ्या म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलोमीटर), मग व्याख्यान, मग तारांगण, मग वाचनालयात डुलकी. दिवसभर बाहेर राहणाऱ्याने दाराचे पैसे कशाला भरायचे?

६. प्रिन्सेस की क्वीन्स असं अडलं तर प्रिन्सेस घ्या – लाउंज तेच, गच्ची तीच. जास्तीचे पैसे मोठ्या खोलीचे आणि बटलरचे. बटलरला काम सांगायला लाजणाऱ्याने बटलरचं भाडं भरू नये. खोली आवरणारा यायच्या आत स्वतःच अंथरूण नीट करून बसलेली जोडपी मी पाहिली आहेत, चादरीचे कोपरे माझ्यापेक्षा सरळ. बहुतेक आपल्याकडचीच.

७. ग्रिलच्या टेबलावर मेनूबाहेरचं मागायला संकोचू नकोस, फक्त आदल्या दिवशी सांग – भटारखान्यात ऐन वेळी मागितलेलं वरण हे वरण नसतं, पिवळं सूप असतं. गोव्याचा एखादा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, आत असतोच; त्याच्याशी दोन शब्द कोकणीत बोललीस की फोडणी नीट बसते.

८. सगळ्यांत महाग केबिन सगळ्यांत वर असेल तर दोनदा विचार कर – बोट डोलते ती वरच्या मजल्यांवर जास्त आणि दोन्ही टोकांना जास्त. मधल्या भागात, खालच्या मजल्यावर कमी. लाट तिकीट बघत नाही. आणि तुला तर पसरणीच्या घाटात पिशवी लागते.

९. केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते नकाशात बघून घे – वर उन्हात बसायचा डेक असला तर सूर्य उगवायच्या आत खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, आणि ओढणारे माझ्यासारखेच कुणीतरी असतात.

छोट्या बोटीचं सुख वेगळं. ‘सीड्रीम’च्या दोन बोटी घे: ऐंशीच्या दशकात बांधलेल्या, प्रवासी ११२, नोकरमाणसं पंचाण्णवच्या आसपास. केबिनला बाल्कनी नाही, खिडकी आहे. नाटकघर नाही, तारांगण तर नाहीच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या चहात साखर किती हे कुणाला विचारावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी तुझ्या मुलीचं कुठे जमतंय हेही साऱ्या बोटीला ठाऊक झालेलं असतं. मोठ्या बोटीवर पाय दुखतात, छोट्या बोटीवर कान.

१०. पहिल्या संध्याकाळी कुणालाही ‘रोज एकत्र जेवू’ असं म्हणू नकोस – तिथे टेबलं ठरलेली नसतात, आणि शब्द दिला की आठवडाभर त्यांच्या नातवंडांचे फोटो बघत घास गिळायचा. ‘आज आमचं दोघांचंच ठरलंय’ एवढं हसून म्हटलं की पुरतं.

११. बाल्कनी हवीच असेल तर ‘सीबोर्न’सारख्या साडेचारशे ते सहाशे माणसांच्या बोटी बघ – तिथे बाल्कनी मिळते, ओळखीचे चेहरेही राहतात, पण चिंचोळ्या जागी शिरायची मजा जाते.

१२. सफरीच्या कागदावर नुसती बंदरांची नावं वाचू नकोस, बोट लागते कुठे ते वाच – ‘व्हेनिस’ सगळेच छापतात. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या किंवा १८० मीटरपेक्षा लांब बोटींना इटलीने सान मार्कोसमोरून जायला बंदी केली आहे. मोठ्या बोटींचे प्रवासी मार्गेराच्या कारखान्यांशेजारी किंवा त्याहून लांब उतरतात, आणि पहिला फोटो गोदामाचा येतो.

१३. एखाद्या सफरीत कॉरिंथचा कालवा असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घे – १८९३ साली उघडलेला, सहा किलोमीटरहून जरासा लांब, रुंदी पंचवीस मीटरच्या आत. दोन्ही अंगांना उभे कडे, वर पट्टीएवढं आकाश. पुढे एक छोटी बोट दोर लावून ओढत नेते आणि डेकवरची सगळी माणसं आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात. मोठ्या बोटीतला कितीही महाग स्वीट इथे येऊ शकत नाही. मात्र त्या महिन्यात कालवा चालू आहे ना, ते आधी विचारून घे – दरडी कोसळल्या की तो बंद ठेवतात.

१४. पुढेमागे अंटार्क्टिकाचं वेड लागलं, आणि जावईबापूंना ते लागणार, तर मोठ्या बोटीचा विचारच नको – तिथल्या सफरवाल्यांच्या नियमाने एका ठिकाणी एका वेळी शंभरच प्रवासी किनाऱ्यावर जातात, आणि पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या बोटीतून कुणालाच उतरवत नाहीत.

१५. ग्रीसला जुलै-ऑगस्ट टाळ, मे-जून किंवा सप्टेंबरचा शेवट घे – ऐन उन्हाळ्यात एजियन समुद्रावर ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. आभाळ निरभ्र आणि खाली पाणी खवळलेलं. छोट्या बोटीला ते जास्त जाणवतं, आणि तू ज्या बेटासाठी आलेली असतेस नेमकं तेच गाळावं लागतं.

१६. बोट डोलू नये म्हणून पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, पण नांगरलेल्या बोटीत त्यांच्या भरवशावर बासुंदी चापू नकोस – बोट चालत असताना ते काम करतात, उभी असताना त्यांचा फारसा उपयोग नाही.

१७. बोट लागायची गोळी मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, आधी घ्यायची. कुठली ते घरच्या डॉक्टरांना विचारून ठेव – काही गोळ्यांनी इतकी झोप येते की बंदर येऊन जातं आणि आपण घोरतच असतो.

१८. बोट नांगरून टेंडरने, म्हणजे छोट्या होडीने, किनाऱ्याला न्यायचं असेल तर दोन्ही हात मोकळे ठेव – तुझी आजी कोकणबोटीतून भर समुद्रात पडावात उतरायची, नऊवारीचा काष्टा घट्ट, बोचकं आधी खाली टाकलेलं. ती खलाशाचा तळवा धरायची नाही, मनगट धरायची, आणि तोही तिचं मनगट धरायचा; घामाने तळवा सुटतो, मनगट सुटत नाही. पडाव लाटेबरोबर वर आला की पाय टाकायचा, खाली जात असताना नाही. आजही टेंडरवर हेच शिकवतात.

हिशोबाकडे वळू या, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे.

१९. दोन्ही कागदांवर शेवटचा आकडा काढ: भाडं, टीप, पेयं, वायफाय, सहली, विमान, आदल्या रात्रीचं हॉटेल – छोट्या महागड्या बोटींवर टीप आणि दारू बहुधा भाड्यातच असते, मोठ्या लायनरवर ग्रिलवाल्यांच्या खात्यातही रोजची टीप वेगळी चढते. नुसतं भाडं बघून ठरवलं तर छोटी बोट उगाच महाग वाटते.

२०. पण ‘सगळं त्यातच’ असं वाचून लगेच भुलूही नकोस – तुम्ही दोघं वर्षाकाठी एक पेला वाइन घेणार, तीसुद्धा तोंड वाकडं करून. न पिणाऱ्याचा पेला शेजारचा रिकामा करतो, पैसे मात्र न पिणारा भरतो.

२१. सहली भाड्यात असतील, जशा ‘रीजंट’च्या बोटींवर असतात, तर त्यांतल्या खरोखर किती करणार ते आधीच खुणा करून ठेव – भर दुपारी अवशेष बघण्यापेक्षा धक्क्यावरच्या टपरीत कॉफी पीत बसणारी तुम्ही माणसं.

२२. तुझ्या आत्याला एकटीला जायचं असेल तर तिला लवकर हलव – दोघांच्या केबिनमध्ये एकटं राहिलं की भाडं बऱ्याचदा दुपटीच्या घरात जातं. ‘क्वीन मेरी २’वर २०१६ च्या डागडुजीत एकट्यांसाठी १५ केबिनी केल्या, त्या भराभर संपतात. ग्रिल वर्गात त्या नाहीत, पण आत्याला दारापेक्षा गप्पा हव्या असतात.

२३. साउथॅम्प्टन-न्यूयॉर्कला भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा आणि अमेरिकेचा असे दोन्ही व्हिसा लागतात. अमेरिकेचा हातात पडेपर्यंत न परतणारे पैसे भरू नकोस – बोटीची तारीख वकिलातीला विचारून ठरत नाही.

२४. ग्रीसच्या सफरीत मधेच तुर्कस्तानचं बंदर असेल तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा माग, आणि तुर्कस्तानचं काय लागतं तेही कंपनीकडून लिहून घे – एका दुपारपुरतं बाहेर पडलं तरी परत येणं हा नवा प्रवेश धरला जाऊ शकतो.

२५. बोटीवर पासपोर्ट हिशेब सांभाळणाऱ्या पर्सरच्या कचेरीत ठेवून घेतात कधी कधी, बिथरू नकोस – मात्र पहिल्या पानाची आणि व्हिसाची झेरॉक्स तुझ्या पर्समध्ये आणि दुसरी जावईबापूंच्या खिशात असू दे.

२६. विम्यात बोटीवरून उचलून इस्पितळात नेण्याचा खर्च आहे ना, ते बघ. आणि जावईबापूंचं ब्लडप्रेशर फॉर्मवर लपवू नकोस – अटलांटिकच्या मध्यावर हेलिकॉप्टर पोचत नाही, आणि लपवलेलं दुखणं विमा कंपनी बरोबर शोधून काढते. मोठ्या बोटीचा एक गुण इथे धर: तिच्यावर दवाखाना मोठा असतो. गुडघे-हृदयाचं काही जुनं असेल तर माझं पारडं लायनरकडे झुकतं.

२७. ‘क्वीन मेरी २’च्या सात रात्रींत बहुधा दोन गाला रात्री असतात, जावईबापूंना भाड्याचा टक्सिडो चढवू नकोस, काळा बंदगळा शिवून घ्या – घरी परतल्यावर भाच्याच्या लग्नातही चालेल. तू पैठणी नेस, पण पदराला पिन लाव. पदर सूपच्या वाडग्यात उतरताना मी एका हाताने झेललेले आहेत, दुसऱ्या हातात पाच प्लेटा असताना. छोट्या बोटीवर हा सगळा जामानिमा नको. बऱ्याच ठिकाणी टायसुद्धा लागत नाही.

२८. मेतकूट आणि लोणचं न्या, पण बंद डब्यातलं, कंपनीचं लेबल असलेलं, आणि अमेरिकेत उतरताना फॉर्मवर लिहा – न सांगितलेल्या लोणच्याचा दंड होतो, सांगितलेलं फार तर काढून घेतात.

२९. जेवायच्या आधी हात साबणाने धू, दारात ठेवलेल्या जेलवर भागवू नकोस – बोटीवर पोटाचा त्रास पसरवणारा नोरोव्हायरस जेलला फारशी दाद देत नाही. वर्ग कुठलाही असो, जिन्याचा कठडा सगळ्यांचा एकच.

३०. दिशा निवडता आली तर साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जा, उलटं नको – पश्चिमेला जाताना पाच वेळा घड्याळ तासभर मागे घेतात, म्हणजे झोपेला तास जास्त मिळतो. उलट येताना दिवसातला तास कापला जातो. तू झोपेवर किती चिडतेस ते जावईबापूंना विचार.

३१. निघायच्या आदल्या दिवशीच त्या गावी पोचा – विमान चुकलं तर हॉटेल थांबतं, बोट नाही.

३२. पहिल्या दिवशी जीव वाचवण्याच्या कवायतीचं बोलावणं येतं, ते चुकवू नका – ती सगळ्यांना सक्तीची असते, आणि गैरहजर माणसांची नावं पुकारली जातात. ग्रिलवाल्यांचीसुद्धा.

३३. वाढणाऱ्याचं नाव पहिल्या दिवशीच पाठ कर, आणि वेगळी टीप द्यायचीच असेल तर सफरीच्या मध्यावर दे – शेवटच्या दिवशीचं पाकीट म्हणजे निरोप, मधलं पाकीट म्हणजे ओळख.

३४. लायनरवर कपडे धुवायची फुकट यंत्रं असतात. तिथे सगळे जेवायला गेल्यावर जा – बंदर नसलेल्या दिवसांत सगळ्यांत मोठी भांडणं तिथेच होतात, आणि त्यात वर्ग वगैरे कुणी पाळत नाही.

३५. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्याआधी रात्रीचे कपडे, सकाळचे कपडे, औषधं आणि चपला हातातल्या पिशवीत काढून घे – ज्याची बॅग लवकर बाहेर, त्याचा पायजमा बॅगेत. सकाळी गाऊनमध्ये पर्सरच्या खिडकीशी उभे राहिलेले मोठमोठे साहेब मी बघितले आहेत.

३६. न्यूयॉर्कला बोट पहाटे ब्रुकलिनला लागते, तरी त्या दिवशीचं विमान दुपारनंतरचंच घे – अडीच हजार माणसं आणि त्यांच्या बॅगा एकाच दिवशी उतरतात. ग्रिलवाल्यांना आधी सोडतात हे खरं, पण इमिग्रेशनच्या खिडकीवर तुमचं ते दार चालत नाही. दोन्ही कागदांचे शेवटचे आकडे मला पाठव, आणि जावईबापूंना म्हणावं, बंदगळ्याचं माप रात्री जेवल्यावर द्यायचं, उपाशीपोटी नव्हे.